मोठेपणी इच्छा ‘मागायची’ की ‘धरायची’?

परवा भाचीने माझ्या गालावर पडलेला पापणीचा केस उचलून माझ्या मुठीवर ठेवला. म्हणाली, “मामा, डोळे मिट, विश माग आणि फुंकर मार.” फुंकर मारली, पण मागायचं काही सुचेना. शेवटी गुडघा आठवला. तेव्हापासून शंका आहे : मागतो ती वस्तू, इच्छा कशी मागणार? इच्छा ‘करतात’, ‘धरतात’. आणि पन्नाशीत मनातल्या मनात असं काही मागण्याला क्रियापद कोणतं?

– ‘नवस बोलणे’ आहे की!

– नवस नाही हो. नवसात अट असते. काम होऊ दे, पाच नारळांचं तोरण बांधीन. आणि तो ‘फेडावा’ लागतो, कर्जासारखा. आमच्या आजीने बोललेला एक नवस बाबांनी साठीत फेडला. कशासाठी होता ते तोवर कुणालाच आठवत नव्हतं. पापणीच्या केसाला कसली परतफेड? त्यापेक्षा ‘साकडं घालणं’ बघा. साकडं आलं संस्कृत ‘संकट’वरून, म्हणजे अडचण, कोंडी. आपण देवालाच कोंडीत पकडतो. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पेपरात ‘मुख्यमंत्र्यांचे विठ्ठलाला साकडे’ वाचताना मला विठ्ठलाचीच दया येते.

– आमच्या मालवणात गाऱ्हाणं घालतत. म्हणजे खरं तर तक्रार! एक जाणता सांगतो, “बा देवा म्हाराजा, जी काय पोरांटोरां मुंबैक गेली हत, त्यांका सांभाळ रे म्हाराजा”, बाकीचे “व्हय म्हाराजा” म्हणतात. सांगणारा स्वतःपुरतं काहीच मागत नाही. पण हे सगळं मोठ्याने, चारचौघांत. तुमच्या गुडघ्याला उपयोगाचं नाही.

– मूळ प्रश्नाकडे येतो. ‘इच्छा मागणे’ मला चुकीचं वाटत नाही. आपण ‘वर मागतो’ ना? वर हा ‘वृ’ म्हणजे निवडणे या धातूवरून आला; वर म्हणजे निवडलेलं, हवं असलेलं. (नवरदेवातला वरही तोच.) त्याच वळणावर ‘इच्छा मागणे’ बसलं असावं. नेमकं क्रियापद होतं ते आपण हरवलं : वांछणे. 1290 सालच्या ज्ञानेश्वरीत ‘जो जें वांछील तो तें लाहो’ आहे. आज ‘मी गुडघा वांछला’ म्हणून बघा, घरचे डॉक्टरकडे नेतील. उरलंय फक्त ‘अवांछित’.

– आणि ‘विश’चं काय झालंय बघा. ऑफिसात “साहेबांना विश केलंस का?” म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्यास का. दुसऱ्याला विश ‘करतात’, स्वतःसाठी विश ‘मागतात’. इंग्रजी शब्दाला मराठीने दोन क्रियापदं लावून कामं वाटून दिली.

– प्रश्नकर्ता : पटलं, ‘मागितली’ असंच म्हणतो. फक्त भाचीने बजावलं होतं, कुणाला सांगितलं तर विश खरी होत नाही. गुडघ्याचं मी पहिल्याच परिच्छेदात लिहून बसलोय.