बीबीसी मायक्रोच्या सीरियल पोर्टवर अक्षरं गळतायत, मदत हवी आहे

मंडळी, बीबीसी मायक्रो हा १९८०च्या दशकातला संगणक किंवा आपल्याकडे एससीएल (सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लि.) या सरकारी कंपनीने काढलेली त्याची आवृत्ती युनिकॉर्न हाताळलेलं कुणी इथे आहे का? १९८४च्या 'क्लास' या संगणक-साक्षरता प्रकल्पात ही यंत्रं शाळांमध्ये आली होती. एका शाळेतलं बीबीसी मायक्रोचं मॉडेल बी दुरुस्त होऊन सुरू झालंय. डिस्क ड्राइव्ह नाही, कॅसेटचा भरवसा नाही. म्हणून बेसिक भाषेतल्या प्रोग्रॅमची जुनी लिस्टिंग्ज लॅपटॉपवर टाइप करून सीरियलने आत पाठवतोय.

मागच्या आरएस४२३च्या (म्हणजे सीरियल पोर्टच्या) पाच पिनांच्या डिन सॉकेटमधून आरएस२३२ पातळीचा यूएसबी अडॅप्टर जोडलाय. टीटीएलवाला (कमी व्होल्टेजच्या पातळीचा) नाही, हे आधीच सांगतो. पाचही तारा जोडल्यात. प्लग उलटाही बसतो, तेही तपासलंय. लॅपटॉपवर वेग ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, आरटीएस-सीटीएस (एकमेकांना 'थांब' किंवा 'पाठव' सांगणाऱ्या तारा) चालू. मायक्रोवर *एफएक्स ७,७ आणि *एफएक्स ८,७ (येण्याजाण्याचा वेग ९६००), मग *एफएक्स २,१ (कीबोर्डऐवजी सीरियलवरून अक्षरं घे).

मायक्रोकडून येणारं लिस्टिंग अक्षर न् अक्षर बरोबर येतं. आत जाताना मात्र सुरुवातीच्या ओळी नीट जातात आणि मग मधलीच तीन-चार अक्षरं गायब. 'इनपुट ए'मधलं 'पुट' गेलं आणि रन केल्यावर 'मिस्टेक' आलं. १२००वर काहीच गळत नाही, पण मोठा प्रोग्रॅम जायला फार वेळ लागतो.

माझा अंदाज असा: बेसिक ओळ पचवत असताना आलेली अक्षरं साठवणारा २५६ बाइटचा बफर भरत जातो आणि ९ जागा उरल्या की मायक्रो आरटीएसवरून 'थांब' सांगतो. पण अडॅप्टरच्या चिपमध्ये आधीच रांगेत असलेली अक्षरं तरीही येतच राहतात. नऊ मावतात, पुढची सांडतात.

*एफएक्स २०३,३२ दिलं तर मायक्रो ३२ जागा शिल्लक असतानाच थांबवेल ना? ९६००वर कुणी हे वापरलंय का? की लॅपटॉपच्या ड्रायव्हरमध्ये फिफो (पाठवायच्या अक्षरांची रांग) बंद करणं जास्त खात्रीचं? यंत्राला शनिवारीच हात लावता येतो, म्हणून आधी विचारतोय.

एसडी कार्डचं इंटरफेस बसवा, असं बरेच जण सुचवतात. ते सोपं आहे, मान्य. पण एका यंत्रातून दुसऱ्यात तारेवरून अक्षरं कशी जातात, मधेच कोण कुणाला थांबवतं, हे मुलांना डोळ्यांनी दिसावं अशी माझी फार इच्छा आहे.

आणखी एक. लँकेस्टर विद्यापीठाची केर्मिट (तारेवरून फाइल पाठवायच्या प्रोग्रॅमची) रॉम कुणी २७१२८ ईप्रॉमवर (पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरी चिपवर) लिहून देऊ शकेल का? चिप आणि टपालखर्च माझा.