नसबंदी न झालेला ससा दत्तक द्यावा का?

हरळी (पुणे)

गेल्या फेब्रुवारीत तळजाई टेकडीच्या पायथ्याशी टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात कोणीतरी अकरा ससे सोडून दिले होते. चौकशीत कळले ते नेहमीचेच होते. दुकानदाराने ‘दोन्ही माद्याच आहेत’ असे सांगून विकलेल्या जोडीतला एक नर निघाला, आणि सशाची मादी साधारण ३१ दिवसांत विते व व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते, हे त्या कुटुंबाला दुसरे वेत झाल्यावर समजले. टेकडीवर ससे आपोआप जगतील, असे त्यांना मनापासून वाटले होते. टेकडीवरचा काळ्या मानेचा ससा हा मुळातच निराळा प्राणी आहे; आपण पाळतो तो युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज असून, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले ते पांढरेशुभ्र जनावर उघड्यावर एका रात्रीत कुत्र्यांच्या तोंडी जाते.

हे ससे दत्तक देताना माझ्या तीन अटी आहेत : नसबंदी झाल्याशिवाय ससा हलणार नाही, उन्हाळ्यात तो गॅलरीत नव्हे, पंख्याखाली घरात राहील, आणि सांभाळणे जमले नाही तर तो माझ्याकडेच परत येईल. पाच महिन्यांत चारच ससे गेले आहेत. अटी अति आहेत का, याविषयी मते हवी आहेत.

निवडुंग (सोलापूर)

दुसरी आणि तिसरी अट मान्य आहे, पहिली मान्य नाही. सशाला भूल देण्याचा सराव असलेला पशुवैद्य आमच्याकडे मला अजून मिळालेला नाही. म्हणजे आपल्या अटीने पुण्या-मुंबईबाहेरची सगळी घरे बाद होतात, आणि तेवढ्या काळात उरलेले सात ससे आपल्या पिंजऱ्यांत बसून राहतात. मी गेल्या वर्षी सहा ससे नसबंदीविना दिले, मात्र एका घरी एकच. ज्या घरात मादीच नाही, तेथे एकट्या नरावर शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह कशासाठी?

हरळी

कारण तो एकटा राहत नाही. ‘बिचाऱ्याला सोबत हवी’ म्हणून दिवाळीच्या सुट्टीत दुसरा ससा येतो, तो बहुधा बाजारातून, आणि पुन्हा ‘दोन्ही नरच आहेत’ याच खात्रीवर. शिवाय वयात आलेला नर सोफ्यावर, पडद्यावर आणि माणसांच्या पायांवर मूत्राचे फवारे मारतो; माझ्याकडे परत आलेल्या एका सशाविषयीची तक्रार एवढीच होती. माद्यांच्या बाबतीत तर प्रश्न गर्भाशयाच्या कर्करोगाचा आहे, जो नसबंदी न केलेल्या वयस्क माद्यांत फार आढळतो.

पशुवैद्याची अडचण मात्र खरी आहे. एका दवाखान्यात मला ‘आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा’ असे सांगितले गेले, तेव्हा मी ससा तसाच परत आणला. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्यासारखे उपाशी ठेवण्याचे कारण नसते. उलट पोट रिकामे राहिले तर आतडी थंडावतात आणि तेच जिवावर बेतते. म्हणूनच माझे म्हणणे असे की नसबंदी घेणाऱ्याने नव्हे, देणाऱ्याने करून द्यावी.

ओसरी (ठाणे)

आणि त्या खर्चापोटी पैसे घ्यावेत? मग आपल्यात आणि दुकानदारात फरक तो काय राहिला?

निवडुंग

या एका मुद्द्यावर मी हरळी यांच्या बाजूने आहे. ‘ससा फुकट देणे आहे’ असे लिहिले की पहिले दोन फोन रश्श्यासाठी येतात. थोडी रक्कम सांगितली की ते थांबतात.

पायरी (नाशिक)

मी पलीकडच्या बाजूची आहे. घरात सहा वर्षांची मुलगी आहे एवढ्या कारणावरून अशाच एका ठिकाणी मला ससा नाकारण्यात आला. पुढच्याच रविवारी आम्ही बाजारातून ससा आणला, तोही नसबंदी न झालेला, गाजरावर वाढवलेला आणि कानांना खरूज असलेला. गवत हेच त्याचे मुख्य अन्न आहे, गवत चघळले नाही तर सतत वाढणारे दात झिजत नाहीत, आणि खरजेवर कुत्र्याचे फिप्रोनिल लावले तर ससा दगावू शकतो, हे सगळे मला नंतर स्वतःच शोधावे लागले. तुम्ही दिलेला ससा आमच्याकडे असता तर हे सांगायला कोणी तरी असते. नकार देऊन तुम्ही नेमके कोणाला वाचवले?

हरळी

याचे उत्तर माझ्याकडे नाही, आणि लहान मुले म्हणून मीही दोन घरे नाकारली आहेत. मुलांनी ससा उचलला आणि त्याने झटका देऊन लाथ मारली, तर त्याचा कणा मोडू शकतो, ही भीती खोटी नाही. पण जमिनीवर बसून त्याला हाताळायला मुलांना शिकवता येते, हेही खरे. त्या दोन्ही घरांना मी आज फोन करते.

नसबंदीची अट मात्र सोडत नाही. निवडुंग, सोलापूरला दोन घरे खात्रीची असतील तर कळवावे. दोन्ही नरांची शस्त्रक्रिया मी येथे करून घेईन. त्यानंतरही काही आठवडे नर गाभ धरवू शकतो, म्हणून दीड महिना त्यांना माझ्याकडेच ठेवीन आणि ऊन सरल्यावर, रात्रीच्या गाडीने, गवताच्या पोत्यासह स्वतः घेऊन येईन.

निवडुंग

एक घर खात्रीचे आहे. दुसऱ्याची गच्ची पत्र्याची आहे, ती आधी पाहून येतो.