मदत हवी आहे: सनईच्या सॅम्पलमध्ये टकटक येते, शनिवारी हळद आहे

सिडकोचा_कीबोर्डवाला
कीबोर्डमध्ये सनईचं सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला सूर, टाकलाय. सूर धरून ठेवला की मागे टक टक टक चालू होतं. शिवाय सूंऽऽ असा आवाज आहेच. वायर बदलली, अ‍ॅडॉप्टर बदलला, काही फरक नाही. शनिवारी पाथर्डी फाट्याला हळद आहे आणि पार्टीला सनई पाहिजेच. लवकर सांगा. गूगल कर म्हणणाऱ्यांनी धाग्यावर येऊ नये.

लॉन्स_साउंड
अर्थिंग. डोळे झाकून सांगतो, अर्थिंग. औरंगाबाद रोडच्या निम्म्या लॉन्सवर हीच बोंब. लायटिंगवाला आणि साउंडवाला एकाच बोर्डावरून करंट घेतात, वर जनरेटर. आपण कीबोर्ड आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स नावाची डबी लावतो, तिचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे वायरमधलं ग्राउंड तोडायचं, बटण दाबलं की विषय संपला.

नुसताच_वाचक
कीबोर्ड कुठला?

सिडकोचा_कीबोर्डवाला
मॉडेल कशाला पाहिजे? जुना आहे, सॅम्पल घेतो. मॉडेल लिहिलं की चार जण "विकून नवीन घे" सांगायला येतात.

गोदाकाठ
माईक स्पीकरच्या समोर आला की असं होतं. माईक मागे घ्या, ईक्यूमध्ये वरचं थोडं कापा. आमच्या भजनी मंडळात याने लगेच फरक पडला.

सिडकोचा_कीबोर्डवाला
दादा, माईक नाहीच आहे. शिट्टी येत नाही, टकटक येते.

रेडिओकाका
मॉडेल नका सांगू, पण एवढं तरी सांगा. एक, हेडफोन लावल्यावर टकटक येते का? दोन, कीबोर्डमधल्या मूळ टोनला येते का? तीन, आणि हे नीट ऐका, वरची पट्टी दाबल्यावर टकटक जलद होते का?

लॉन्स_साउंड
काका, एवढं कशाला? अर्थिंगच आहे. मी रोज बघतो.

रेडिओकाका
अर्थिंगची घरघर ५० किंवा १०० हर्ट्झची असते. तुम्ही सा दाबा, पंचम दाबा, ती तिच्या जागेवरून हलत नाही. सॅम्पलमधला दोष मात्र सुराबरोबर वरखाली होतो, कारण पट्टी बदलली की कीबोर्ड तीच फाईल वेगाने किंवा सावकाश वाजवतो. एक सप्तक वर गेलात तर टकटक दुप्पट झाली पाहिजे. म्हणून विचारलं.

सिडकोचा_कीबोर्डवाला
हेडफोनवर येते. घरी पण येते. बाकीचे टोन एकदम साफ. वर गेलं की जलद होते, खाली सावकाश.
सूं मात्र सगळ्या पट्ट्यांवर आहे.

पंचवटीकर
मूळ प्रश्न वेगळाच आहे. हळदीला खरा सनईवाला का बोलावत नाही? सनई-संबळवाल्यांची पोटं तुमच्या या डब्यांनीच मारली.

सिडकोचा_कीबोर्डवाला
पार्टी एका कीबोर्डवाल्याचे पैसे देते भाऊ. चौघांचे तुम्ही देता का?

स्वराली
पंचवटीकर, वेगळा धागा काढा ना. इथे माणसाची शनिवारची सुपारी अडकलीय.

पंचवटीकर
काढतो. पण तिथे कोणी येणार नाही.

रेडिओकाका
टकटक म्हणजे लूप. सनईचा सूर चार-पाच सेकंदांचा असणार, आणि पट्टी दाबून ठेवली की कीबोर्ड त्यातला मधला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतो. तुकड्याच्या शेवटी लहर एका उंचीवर असते आणि सुरुवातीला दुसऱ्याच. मध्ये पायरी पडते, तिथे टक. लूप एका सेकंदाचा असेल तर मूळ पट्टीवर दर सेकंदाला एक टक ऐकू येईल.
आता सांगा, सनई कुठून घेतली?

सिडकोचा_कीबोर्डवाला
मोबाईलवर. आमच्याकडच्या लग्नात सनईवाले होते, त्यांचा व्हिडिओ काढलेला. त्यातून आवाज वेगळा काढला. सांगायचं राहिलं, सूर पण जरा खाली लागतो. काळी एक दाबली तर पांढरी एकच्याही खाली बोलतो. ट्यूनिंग वर करून चालवतोय.

स्वराली
हे आधी सांगायचं ना राव!! मोबाईलच्या व्हिडिओतला आवाज बहुतेक ४८ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुन्यांचा, असतो. काही जुने सॅम्पलर फाईलमधली नोंद न बघता ४४.१ समजून वाजवतात. मग सूर जवळजवळ दीड सेमीटोन (शेजारच्या काळी-पांढरीतलं अंतर म्हणजे एक) उतरतो. काळी एकवरून दीड खाली म्हणजे पांढरी एकच्या खालीच.
ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात रीसॅम्पल करून ४४,१०० ला आणा. फाईल वेव्ह, १६ बिट, मोनो. आणि ट्यूनिंग परत शून्यावर न्या, नाहीतर आता वर चढेल.

नुसताच_वाचक
१६ बिट महत्त्वाचं आहे. ऑडॅसिटी आतून ३२ बिट फ्लोटवर काम करतं, एक्स्पोर्ट करताना बघून निवडा. नको ती फाईल गिळली तर एखादं जुनं मशीन सनईऐवजी नुसता खरखराट वाजवतं. आणि गाण्याचं नाव वगैरे माहिती फाईलमध्ये भरू नका. काही मशीन त्या माहितीलाच आवाज समजतात, मग शेवटी फट्ट होतं.

लॉन्स_साउंड
तरी मी म्हणतो डीआय बॉक्स घ्याच. कामाची वस्तू आहे.

मिसळ_विदाउट_तर्री
लॅपटॉपवर सॅम्पलर टाका, कीबोर्ड नुसता मिडीला जोडा, म्हणजे पट्ट्या कीबोर्डच्या आणि आवाज लॅपटॉपचा. या जुन्या मशीनच्या भानगडीत पडायचंच कशाला?

सिडकोचा_कीबोर्डवाला
लॅपटॉप मुलीच्या कॉलेजचा आहे. एका रात्रीपुरता मिळेल, स्टेजवर नाही.

रेडिओकाका
एक रात्र पुष्कळ झाली. आधी स्वराली ताईंनी सांगितलं तसं ४४.१ करून घ्या. लूप त्यानंतर, उलटं केलंत तर लूपच्या जागा सरकतील.
सनईत कंप असतो, दमसासाने आवाज कमीजास्त होतो. त्यामुळे एका कंपाच्या वरच्या टोकापासून पुढच्या एखाद्या कंपाच्या वरच्या टोकापर्यंत असा तुकडा निवडा. कंप अर्ध्यात तोडला तर टक जाईल पण सूर लंगडेल. फार छोटा तुकडाही घेऊ नका, सनईचा भोंगा होतो. तुकडा निवडून झेड दाबा, दोन्ही टोकं शून्यरेषेवर जाऊन बसतात. दोन्ही टोकांना लहर एकाच दिशेने, म्हणजे खालून वर जाणारी, आहे ना ते झूम करून बघा.
एवढ्याने गेली नाही तर क्रॉसफेड. लूपच्या शेवटचा छोटा भाग हळूहळू विझवायचा आणि लूपच्या सुरुवातीच्या *आधीचा* तेवढाच भाग त्यावर हळूहळू चढवायचा. लोक चुकून सुरुवातीच्या नंतरचा घेतात.

सिडकोचा_कीबोर्डवाला
काका, टकटक गेली! झेडने अर्धी गेली, क्रॉसफेडने पूर्ण. सूर पण बरोबर लागतोय. फक्त पट्टी दाबल्या दाबल्या एक बारीक चट् येतो. आणि सूं आहेच.

नुसताच_वाचक
चट् साठी टोनच्या एडिटमध्ये अटॅक, म्हणजे आवाज चढायला लागणारा वेळ, शून्यावर असेल तर किंचित वाढवा. किंचितच, फार वाढवला तर फुंकर उशिरा येते आणि द्रुत लयीत सनई मागे पडते.

लॉन्स_साउंड
सूं म्हणजे अर्थिंग!

स्वराली
हेडफोनवर येतोय हो. तो मोबाईलच्या रेकॉर्डिंगमधला आहे, मागे पंखे असतील, मंडपातले लोक असतील. सनई लांबून घेतली आणि नंतर नॉर्मलाइझ केली, म्हणजे सगळा आवाज एकसाथ मोठा केला, असेल तर सनईबरोबर सूंसुद्धा वर आला. दोन सूर एकत्र धरले की तो दोनदा वाजतो. नॉइज रिडक्शन अगदी हलकं द्या. जास्त दिलं की सनई पाण्यात बुडवून वाजवल्यासारखी लागते, त्यापेक्षा सूं बरा. हळदीच्या गोंगाटात सूं ऐकायला कोणाला वेळ आहे?

रेडिओकाका
सहमत. लॉन्सवर वेगळी घरघर आलीच तर मात्र आमच्या लॉन्सवाल्या मित्राचं ऐका. कीबोर्ड आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या, डीआय बॉक्स लावा. घरघर जावी म्हणून कोणी थ्री पिनची अर्थ पिन काढायला सांगितली तर बिलकुल काढू नका. जनरेटरवर शॉक बसेल.

लॉन्स_साउंड
चला, शेवटी आमचं नाव निघालं. पिनचं काका बरोबर बोलले.

सिडकोचा_कीबोर्डवाला
अटॅकने चट् पण गेला. आता एकच. वरच्या सप्तकात सनई डासासारखी वाजते.

रेडिओकाका
एकच सॅम्पल सगळ्या कीबोर्डभर ताणलंय. मूळ सुरापासून दोन-तीन पट्ट्या वरखाली ठीक, पुढे बिघडतं. त्याच व्हिडिओत वरचा षड्ज धरलेला सापडला तर तो वेगळा कापून वरच्या पट्ट्यांना लावा. नसेल तर शनिवारी वर जाऊच नका, कीबोर्ड स्प्लिट करून वरच्या भागात दुसरा टोन ठेवा.

मिसळ_विदाउट_तर्री
धागा चालू आहे तर विचारतो, कोणाकडे हलगीचं चांगलं सॅम्पल आहे का? माझ्या हलगीला पण टक येते.

नुसताच_वाचक
हलगीला लूप कशाला लावलात? कीबोर्ड कुठला?