मदत हवी आहे: कपकेकचा कागद रात्रीतून सुटून राहिला, रविवारी साठ नगांची ऑर्डर आहे

नमस्कार. मी वरुड तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरचा संत्र्याचा बगीचा आहे, त्यामुळे दोन वर्षांपासून संत्र्याचे केक करून राहिली. मोठा केक आता चांगला जमतो. कपकेक मात्र या महिन्यातच सुरू केले, कारण आमच्या बचत गटातल्या एका ताईंना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून साठ कपकेक द्यायचे आहेत. कार्यक्रम रविवारी दुपारी आहे. आज मंगळवार.

काल पहिल्यांदा बारा करून पाहिले. चव छान, फुगले छान. पण सकाळी डबा उघडला तर बारापैकी नऊ कपकेकचे कागद बाजूने उघडून पडलेले. केक मधोमध उभा आणि कागद फुलाच्या पाकळ्यांसारखा भोवती. असं वाण कोणाच्या हातात कसं द्यायचं?

काय काय केलं ते नीट सांगते, म्हणजे चूक कुठे आहे ते तुम्हाला कळेल. बारा नगांसाठी मैदा १८० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, तेल ८० मिली, दही ६० ग्रॅम, संत्र्याचा रस २०० मिली, बेकिंग पावडर १ चमचा, सोडा अर्धा चमचा, एका संत्र्याची किसलेली साल. अंडं नाही. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) १८० डिग्रीवर दहा मिनिटं आधी गरम केला आणि १८ मिनिटं ठेवले. माझ्याकडे सहा खळग्यांचा एकच ट्रे आहे, म्हणून सहा त्यात केले आणि सहा स्टीलच्या वाट्यांत कागद ठेवून केले. वाट्या तोंडाला रुंद आहेत, तर तिथला कागद बॅटर ओतताच पसरला आणि ते सहा बसके झाले. तेवढ्यात लाईन गेली, अंधारात काही सुचलं नाही, म्हणून सगळे ट्रेमध्ये आणि वाट्यांमध्येच थंड होऊ दिले. झोपताना स्टीलच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावलं.

कागद गावातल्याच दुकानातून घेतले, पातळ, गुलाबी फुलांचे. भाजल्यावर फुलं जवळजवळ दिसेनाशी झाली आणि तेलाचे डाग उमटले. सासूबाई म्हणतात, पानगे आपण पळसाच्या पानात भाजतो, तसे हेही पानात कर, कागदाची कटकटच नको. मला ते खरोखर आवडलं, पण जमेल का ते माहीत नाही.

कोणते लायनर, म्हणजे कपकेकचे कागद, घेऊ आणि ते सुटू नयेत म्हणून काय करू? अमरावतीला जायला एकच दिवस हातात आहे, गुरुवार. म्हणून नेमकं सांगा, ही विनंती.

प्रतिसाद १

ताई, तुमचा कागद वाईट असेलही, पण तो सुटला तो वाफेमुळे. मी सात-आठ वर्षं घरून ऑर्डरी घेते आणि पहिलं वर्षभर याच एका गोष्टीने मला रडवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

केक ओव्हनमधून निघतो तेव्हा आतून पुष्कळ वाफ बाहेर पडत असते. वरच्या बाजूने ती निघून जाते. बाजूने आणि खालून धातूचा ट्रे असतो, तिथे तिला वाट नाही. मग ती कागदावरच पाणी होऊन बसते. ओला कागद ताणला जातो, आणि त्याच वेळी केक थंड होताना आकसतो. एक बाहेर, एक आत. रात्री तुम्ही डबा बंद केला तेव्हा उरलेली वाफही आत कोंडली. म्हणजे दोनदा तेच झालं.

तेव्हा ट्रे बाहेर काढल्यावर पाच मिनिटांच्या आत कपकेक उचलून जाळीवर ठेवा. जाळी नसेल तर ओव्हनचीच जाळी दोन वाट्यांवर टेकवा, खालून हवा लागली पाहिजे. तळाला हात लावून पाहा. जराही कोमट लागला तर डब्यात भरू नका. मला साधारण सव्वा तास लागतो, तुमच्याकडे सध्या थंडी आहे तर कमी लागेल. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, केक कोरडा पडतो.

दुसरं, तुमच्या बॅटरमध्ये रस जास्त आहे. १८० ग्रॅम मैद्याला २०० मिली रस आणि वर दही. रस १५० मिलीवर आणा. १८ मिनिटंही अंडं नसलेल्या केकला कमी वाटतात. काडी कोरडी निघाली तरी वरून बोटाने हलकं दाबून पाहा, खड्डा लगेच भरून आला पाहिजे. मधे कच्चट राहिलेला केक रात्रभर पाणी सोडतो आणि तेही कागदातच जातं.

सालीचा फक्त केशरी भाग किसा. खालचा पांढरा आला तर कडवटपणा येतो, आणि लोक म्हणतात सोडा जास्त झाला.

प्रतिसाद २

लायनरबद्दल मी सांगते. दुकानात गेल्यावर "कपकेकचे कागद द्या" एवढंच म्हणू नका. ग्रीसप्रूफ मागा. त्या कागदाचा लगदा इतका बारीक कुटलेला असतो की छिद्रं जवळजवळ मिटतात आणि तेल आरपार जात नाही. दुकानदाराला माहीत नसेल तर एक नग मागून घ्या, त्यात तेलाचे दोन थेंब टाका, खाली वहीचं पान धरा आणि दहा मिनिटं थांबा. पानावर डाग आला तर तो तुमच्या कामाचा नाही. पाकिटामागे दहा मिनिटं घालवायला लाज वाटू देऊ नका, साठ नगांचा प्रश्न आहे.

मापाकडे लक्ष द्या. नेहमीच्या ट्रेला तळ ५० मिमी आणि उंची ३२ ते ३५ मिमीचा कागद बसतो. कोणी सपाट कागदाचं माप सांगितलं तर गोंधळू नका. तळ ५० आणि दोन्ही बाजूंचे ३२-३२ मिळून ११४ मिमी, म्हणजे साडेचार इंच होतात. तोच तो कागद. तळ ३० मिमीच्या आसपास असेल तर तो मिनीचा, तुमच्या ट्रेमध्ये फिरत राहील. जाताना ट्रेच सोबत घेऊन जा.

पण तुमच्याकडे एकच सहाचा ट्रे आहे आणि साठ करायचे आहेत, म्हणून माझं खरं मत वेगळं आहे. तुम्ही ट्रेचे लायनर घेऊच नका. पुठ्ठ्यासारखे जाड, काठाला वळवलेले बेकिंग कप मिळतात, ते स्वतःच्या बळावर उभे राहतात. साध्या सपाट ट्रेवर मधे बोटभर जागा सोडून मांडा. वाट्याही नकोत, मोल्डही नको. केक त्यातच भाजतो आणि त्यातच दिला जातो. बाजूने धातू नसल्यामुळे वाफही कमी कोंडते. किंमत पातळ कागदापेक्षा जास्त आहे, हे ऑर्डर घेतानाच दरात धरायला हवं. या वेळेला ताईंशी बोलून पाहा. फक्त एक करा, ते पातळ कागदापेक्षा मोठे असू शकतात, म्हणून आधी एकात बॅटर मोजून टाका. दोन-तृतीयांशापेक्षा वर भरायचं नाही. लहान कपात ४५ ग्रॅम पुरतं.

फॉइलचे कपही उभे राहतात आणि ओटीजीत चालतात, मायक्रोवेव्हवर चालत नाहीत. सिलिकॉनचे घरच्या मुलांसाठी उत्तम, पण ते वाणात देऊन टाकता येत नाहीत.

रंगाचं दुःख मलाही होतं. पातळ छापील कागद तेलाने पारदर्शक झाला की फुलं केकच्या रंगात बुडतात. म्हणून मी भाजायला पांढरा साधा घेते आणि केक पूर्ण थंड झाल्यावर त्यावरून रंगीत कागद चढवते. बाहेरचा कागद ओव्हनमध्ये जात नाही, म्हणून रंग जसाच्या तसा. तुमचे उरलेले गुलाबी फुलांचे कागद असे वापरता येतील, ते टाकू नका.

आणि कृपा करून वर्तमानपत्राचे किंवा मेणकागदाचे कप घरी बनवू नका. शाईचा कागद अन्नाला लावायला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत मनाई आहे, आणि मेण ओव्हनमध्ये वितळतं. घरी करायचेच असतील तर सिलिकॉन लावलेल्या बेकिंग पेपरचे पाच इंची चौकोन कापा, ग्लासच्या बुडावर दाबून घड्या पाडा. बटर पेपर म्हणून जे विकतात ते प्रत्येक वेळी तेच असेल असं नाही, म्हणून पाकिटावर ओव्हनचं तापमान लिहिलेलं आहे का ते वाचा.

प्रतिसाद ३

बाई, मी बी तुमच्याच पट्ट्यातली. कागदाचं वरच्या दोघींनी सांगतलं, ते बरोबरच आहे. मी लाईनचं सांगतो. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडते, तवा ओटीजी लाल होते पण पाहिजे तशी तापत नाही. माझा पोरगा इलेक्ट्रिकचं शिकला, त्यानं मले हिशेब करून दाखवला. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तं उष्णता अर्ध्याहून जरा जास्त, म्हणजे शंभरातले एकसष्ट भागच भेटते. डायल १८० डिग्रीवर असली तरी तापाले येळ लागते, अन् दार उघडलं का पुन्हा तेच. मंग केक आतून कच्चा, अन् कच्चा केक कागद सोडते. आपण दोष देतो कागदाले.

म्हणून पहाटे भाजजा. ओव्हनात ठेवाचं थर्मामीटर घेऊन घेजा, गुरुवारी अमरावतीले जाऊनच राहिल्या तं.

लाईन गेली तं कुकर आहे. शिट्टी अन् रबर काढाचं, तळाले बोटभर मीठ, त्यावर स्टँड, दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवाचं. पाणी टाकाचं नाही. झाकणाची वाफ थेंब होऊन केकवर पडते, त्याच्यासाठी झाकणाले आतून फडकं बांधजा, पण टोकं वरती गाठून घेजा, खाली आचेकडे लोंबू देऊ नोका. कागद कुकरच्या भिंतीले लागू देऊ नोका, तिथं करपते. एका खेपेले चार-पाचच होतात, मी खोटं नाही सांगत. तरी अडलेल्या वेळेले तेवढे बी मोठे होतात.

एका येळेला बारा पुरतंच बॅटर फेटजा. साठचं एकदम फेटलं तं सोडा-दह्याचा जोर वाटीतच निघून जाते, अन् मागचे केक फुगतच नाहीत. कोरडं येगळं, ओलं येगळं मोजून ठेवलं का भराभर होते.

प्रतिसाद ४

पळसाच्या पानाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सासूबाईंचं सुचवणं टाकून देऊ नका. पानगे पानात होतात कारण कणीक घट्ट असते, ती पानाच्या जोडातून वाहत नाही, आणि निखाऱ्यावर पान करपलं तरी आतलं शिजतं. केकचं बॅटर पातळ. हाताने टाचलेल्या द्रोणात पानांच्या सांध्यातून ते गळेल. मशीनच्या द्रोणात कधी कधी आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो ओव्हनमध्ये अजिबात चालणार नाही. भाजायला कागद, द्यायला द्रोण, असं करून पाहा. हळदीकुंकवाला पळसाचा द्रोण शोभतो, आणि कागद चुकून थोडा सुटला तरी द्रोण त्याला सावरून धरतो.

धागाकर्ती (बुधवार रात्र)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पुन्हा बारा केले. मुद्दाम जुनेच गुलाबी कागद वापरले, म्हणजे कागदाचा दोष किती आणि माझा किती ते कळेल. रस १५० मिली, सकाळी सातला भाजले, २२ मिनिटं. सहा सहाच्या दोन खेपा, दोन्ही ट्रेमध्येच. पहिली खेप पाच मिनिटांत जाळीवर काढली. दुसरी तासभर ट्रेमध्येच राहू दिली.

आता रात्रीचे नऊ वाजले. जाळीवरच्या सहातला एकही सुटला नाही. ट्रेमधल्या सहातले चार सुटले. कागद तोच, बॅटर तेच. मला हे आपल्या डोळ्यांनी पाहून फार बरं वाटलं. डाग मात्र दोन्हीकडे आले, तर ग्रीसप्रूफ घेणंच आहे.

ताईंशी बोलले. जाड कपांसाठी नगामागे थोडे पैसे वाढवून द्यायला त्या तयार आहेत. उद्या सकाळच्या एसटीने अमरावतीला जाते, सोबत वहीचं पान आणि तेलाची छोटी बाटली नेते. एकच विचारते: जाड कप वाकलेले किंवा दबलेले निघाले तर परत सरळ होतात का? एसटीत पिशवी दबेल अशी भीती वाटून राहिली.

प्रतिसाद २

एकात एक बसवलेले असतात, त्यामुळे सगळी चळत गोल पुठ्ठ्याच्या डब्यात उभी ठेवा. काठ दबला तर बोटाने गोल करता येतो, पण तळाला घडी पडली तर तो कप तिरका उभा राहतो. साठला सत्तर घ्या. मोजताना दोन-दोन चिकटून निघतात, तर घरी पुन्हा एकदा मोजा.

धागाकर्ती (शनिवार)

कप आणले, बाहत्तर भरले. दोन वाकले होते, बाकी सरळ. तेलाच्या थेंबांची परीक्षा दुकानातच केली. पहिल्या जातीचा कागद डागाळला, दुसऱ्याचा नाही, दुसरा घेतला. थर्मामीटरही घेतलं. डायल १८० वर असताना आत १६० भरले, तेव्हा आता डायल दोनशेवर ठेवून १८० आणते.

कप जरा मोठे आहेत, ५५ ग्रॅम बॅटर लागलं तेव्हा दोन-तृतीयांश भरलं. त्या हिशेबाने बारांचं साहित्य अकरालाच पुरतं, म्हणून सहा वेळा फेटणार आहे. सपाट ट्रेवर एका वेळी नऊ मावतात. कोरडं सहा पिशव्यांत मोजून ठेवलं आहे, रस उद्या ताजा काढणार. उद्या पहाटे चारला ओव्हन लावते, म्हणजे दहापर्यंत शेवटची खेपही जाळीवर गार होईल. सासूबाईंनी शेजारच्या काकूंकडून पळसाचे साठ द्रोण मागवले. एकात कप ठेवून पाहिला, नीट बसतो.