भाच्याला गिटारसाठी काय गिफ्ट देऊ?

प्रश्न: भाचा वर्षभर गिटार शिकतोय, रविवारी वाढदिवस आहे, बजेट हजारपर्यंत, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, काय घेऊ?

उत्तर: ताई, क्लिप-ऑन ट्यूनर (गिटारला चिमट्यासारखं लावून तारा सुरात लावायचं यंत्र) आणि कॅपो (गळ्यावर तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) घ्या, रोज लागतात.

उत्तर: तारांचा सेटही चालेल, पण आधी गुपचूप बघा स्टीलच्या आहेत की नायलॉनच्या, कारण नायलॉनवाल्या गिटारला स्टीलच्या लावल्या तर ताण इतका वाढतो की ब्रिज, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात ती पट्टी, उखडू शकतो, माझ्या पहिल्या गिटारचं तेच झालं, फार रडलो होतो तेव्हा.

प्रश्नकर्ती: नायलॉनच्याच निघाल्या! बरं झालं विचारलं.

उत्तर: मग कॅपो क्लासिकलचाच, म्हणजे नायलॉनच्या तारांच्या गिटारचाच, मागा, सपाट पट्टीचा, त्या गिटारचा गळा रुंद असतो.