लेक-जावई इंग्लंडमधल्या खेड्यात घर घेतायत, चोऱ्यामाऱ्यांचं कसं आहे तिकडे?

गुहागरकर_बाबा

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यातला, एसटीत ड्रायव्हर होतो, आता रिटायर, घरची चार कलमं आणि सुपारी बघतो. लेक नर्स आहे, चार वर्षं झाली इंग्लंडात, जावई कॉम्प्युटरवाला, घरूनच काम करतो. आतापर्यंत शहरात भाड्याने होते, आता म्हणतायत लिंकनशर म्हणून भाग आहे तिथल्या एका खेड्यात घर विकत घेतो, शहरात परवडत नाही. गाव केवढं तर दीडशे-पावणेदोनशे घरं, एक चर्च, एक पब, दुकान होतं तेही बंद पडलंय. फोटो बघितले, घर छान आहे, मागे शेत, पण रस्त्याला एक दिवा दिसला नाही मला.

तर झालं काय, जावयाने कौतुकाने लिंक पाठवली की बाबा इथे पोलिसांचा नकाशा असतो, कुठल्याही गावाचा पोस्टकोड टाका, महिन्याला किती गुन्हे झाले सगळं दिसतं. मी टाकला. एका महिन्यात ११ गुन्हे आणि त्यातले ४ 'हिंसाचार आणि लैंगिक गुन्हे'. दीडशे घरांच्या गावात! आमच्या गावात बांधावरून कोणाचं तरी डोकं फुटलं ते सोडलं तर मला आठवत नाही काही. तेव्हापासून झोप उडालीय, हिला अजून सांगितलेलं नाही. पोरीला नाइट शिफ्ट असते, रात्री-अपरात्री एकटी गाडी घेऊन येणार. त्यात शेजारच्यांनी २०२४ च्या दंगलींचं सांगून आणखी भर घातली. लेकीला विचारलं तर बाबा तुम्ही उगाच टेन्शन घेता म्हणते आणि फोन हिच्याकडे द्यायला सांगते. कोणी तिकडच्या खेड्यात राहत असेल तर खरं काय ते सांगा.

वाशिष्ठीकाठचा

काका नमस्कार, मी मूळचा चिपळूणचा, नऊ वर्षं झाली सॉमरसेटमधल्या एका खेड्यात राहतोय, तुमच्या लेकीच्या गावापेक्षाही लहान असेल आमचं. आधी त्या नकाशाचं बघू, कारण त्याने भल्याभल्यांना घाबरवलंय, घर घ्यायच्या आधी मी पण असाच रात्रभर जागलो होतो.

पोस्टकोड टाकल्यावर वर जो आकडा येतो ना तो तुमच्या गावाचा नसतो. पोलिसांचं जे पथक त्या भागाचं काम बघतं त्याच्या सगळ्या हद्दीचा असतो, त्यात आजूबाजूची दहा-पंधरा गावं येतात, कधी शेजारचं बाजाराचं गावसुद्धा. म्हणजे गुहागर ठाण्याच्या हद्दीतलं सगळं तुमच्या वाडीच्या नावावर टाकल्यासारखं झालं. नकाशा मोठा करा आणि फक्त गावावरचे ठिपके मोजा, मला वाटतं अकराचे एक-दोन होतील, कदाचित शून्य. आणि ठिपका म्हणजे नेमकं ते घर असंही नाही. कोणाची ओळख उघडी पडू नये म्हणून मुद्दाम जवळच्या एका ठरलेल्या जागी ठेवतात, म्हणून 'या रस्त्यावर किंवा जवळपास' असं लिहिलेलं असतं.

आता ते हिंसाचारवालं. नाव वाचून पोटात गोळा येतो, मान्य. पण त्या एका रकान्यात खून-मारामारीपासून ते फोनवर धमकीचे मेसेज पाठवणं, पाठलाग करणं, जखम न होता धक्काबुक्की, सगळं एकत्र कोंबलेलं असतं. आपल्याकडे ज्याची एनसी लिहून दोघांना घरी पाठवतात त्यातलं बरंच इकडे तिथे जातं. घरातली मारहाण पण त्यातच येते आणि ती खरी असते, ती कमी लेखायची नाही, पण रात्री घरी येणाऱ्या तुमच्या लेकीला त्यापासून धोका आहे असा त्याचा अर्थ होत नाही. एकाच घरात भांडण होऊन महिन्यात तीनदा पोलीस आले तरी ठिपके तीन पडतात. चारशे वस्तीच्या गावात एवढ्यानेच दर हजारी आकडा शहराच्या वर जातो. म्हणून एक महिना बघून काही ठरवू नका, मागचे दोन-तीन वर्षांचे महिने जावयाला एकेक करून बघायला सांगा.

दंगलींचं म्हणाल तर साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला, हल्लेखोराबद्दल खोट्या अफवा पसरल्या आणि जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते पेटलं. रॉदरहॅम, मिडल्सब्रो, हल अशी शहरं होती ती. आमच्या खेड्यात काही झालं नाही, पण खोटं कशाला बोलू, तो आठवडा आम्ही शहरात बाजाराला गेलो नाही.

देवगडचो_आंबो

काका, चेडवाची काळजी वाटताली, ता बरोबरच आसा. पण आपल्याकडे तरी काय वेगळा आसा सांगा? आमच्या वाडीत बावीस घरां, त्यातली चवदा बंद, चाकरमानी गणपतीक आणि मे म्हयन्यात येतत तेवढीच दारां उघडतत. दोन वर्सांमागे पावसात तीन घरांची कौलां काढून आत उतरले, टीव्ही तसोच ठेवल्यानी आणि तांब्यापितळेची भांडी घेवन गेले, माझ्या काकीची समई सुद्धा. कळला कधी, तर चतुर्थीक लोक इले तेव्हा. कंप्लेट कोणी केल्यानच नाय, कोण कोर्टाच्यो फेऱ्यो मारतलो. आता सांगा, ह्या खयच्या नकाशार दिसतला? तुमच्या गावात काय होणा नाय असा नाय, कोण लिवन ठेवणा नाय.

त्यांच्याकडे माकडां आसत काय? नसली तर अर्धी चोरी थयच कमी.

रत्नागिरीची_माहेरवाशीण

माकडं नाहीत हो दादा, खारी आहेत, त्या पक्ष्यांना घातलेले दाणे चोरतात.

काका मी पण नर्सच आहे, नॉरफोकमधल्या खेड्यात सहा वर्षं राहते, म्हणजे तुमच्या लेकीच्या शेजारच्याच भागात म्हणा ना. नकाशाचं वर छान सांगितलंय. पण खेड्यात चोऱ्या होतच नाहीत असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. होतात, फक्त वेगळ्या गोष्टींच्या होतात. ट्रॅक्टरवरचे जीपीएस काढून नेतात, शेतातल्या चारचाकी मोटरसायकली नेतात, जुन्या चर्चच्या छपरावरचं शिसं उचकटून नेतात. लिंकनशरला सशांमागे कुत्रे सोडून पैजा लावणाऱ्यांचा त्रास आहे, पीक निघाल्यावर शेतं मोकळी झाली की गाड्या घेऊन येतात, शेतकऱ्यांना दमदाटी करतात, तिकडच्या पोलिसांनी त्याच्यासाठी ऑपरेशन गॅलिलिओ म्हणून वेगळी मोहीमच काढलीय. मागे शेत आहे म्हणालात म्हणून सांगितलं, असे लोक दिसले तर बाहेर जाऊन भांडायचं नाही, गाडीचा नंबर टिपायचा आणि फोन करायचा.

आणि रॉकेल! हसू नका. बऱ्याच खेड्यांत गॅसची लाइन नसते, घर गरम करायला मागच्या अंगणात हजार-बाराशे लिटरची टाकी असते आणि त्यात जे तेल भरतात ते म्हणजे आपलं रॉकेलच. आमची टाकी एका जानेवारीत रात्रीत कोणीतरी रिकामी केली, सकाळी उठलो तर घर बर्फासारखं गार आणि मुलगा कुडकुडतोय, मला पहिल्यांदा वाटलं बॉयलर बिघडला. पोलीस बघायला आले नाहीत, फोनवरच इन्शुरन्ससाठी गुन्ह्याचा नंबर दिला. तेव्हा खूप संताप आला होता. आता टाकीला कुलूप आहे, तेल कमी झालं की ओरडणारं यंत्र आहे, आणि टाकी रस्त्यावरून दिसू नये म्हणून पुढे जाळी लावलीय.

घराचं म्हणाल तर लेकीला इतकंच सांगा की प्लास्टिकच्या फ्रेमचा दरवाजा असेल तर नुसता ओढून बंद होत नाही, हँडल वर उचलून किल्ली फिरवावी लागते, आपले लोक हमखास विसरतात. कुलपाचा जो आतला गोल भाग असतो तो स्वस्तातला असेल तर चोर मधोमध मोडतात, तीन स्टारवाला बसवून घ्या, घर घेतल्या दिवशीच, कारण जुन्या मालकाने किल्ल्या कोणाकोणाला दिल्या होत्या देव जाणे. आणि दारात पत्र टाकायची फट असते त्यातून काठीला आकडा लावून गाडीच्या किल्ल्या ओढून काढतात, तेव्हा किल्ल्या दाराजवळच्या टेबलावर नकोत.

सोन्याचं मात्र कडक सांगा. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे चोरांना पक्कं माहीत आहे, दिवाळीच्या आधी पोलीस स्वतःच सावध राहायला सांगतात. बँकेत लॉकर आपल्यासारखे सर्रास मिळत नाहीत इकडे, खासगी तिजोरीवाले असतात ते शहरात. इन्शुरन्समध्ये एका दागिन्याला ठरावीक मर्यादा असते, त्याच्यावरचा दागिना नाव घालून वेगळा नोंदवावा लागतो. मी तर पाटल्या आईकडेच ठेवल्यात रत्नागिरीला.

अलिबागकर_लंडनवाला

सगळे गावाचं गुणगान करतायत म्हणून उलटी बाजू. मी दोन वर्षं खेड्यात काढून परत शहरात आलो. सेफ होतं का, तर होतं, कारण तिथे कोणी नव्हतंच. २०१० नंतरच्या काटकसरीत पोलिसांची संख्या वीसेक हजारांनी घटली, २०२३ पर्यंत तेवढे परत भरले पण खेड्यापाड्यातली बंद झालेली ठाणी काही सगळी उघडली नाहीत. ९९९ लावला तर गाडी यायला किती वेळ लागेल ते बायकोला एकटीला घरात बसून मोजायला लागतं. डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो, आमच्या गावात मोबाइलला रेंज नव्हती, पबमध्ये गेलो की सगळे एकदम गप्प. कोणी वाईट वागलं नाही, पण ओळख व्हायलाच वर्ष गेलं. ज्या माणसाला शेजारपाजार लागतो त्याने विचार करावा.

गुहागरकर_बाबा

सगळ्यांचे आभार. नकाशा मोठा करून बघितला, गावात फक्त दोन ठिपके, एक सायकल चोरी आणि एक तो हिंसाचारवाला. थोडं हायसं वाटलं. आंबेवाल्यांनी समईचं लिहिलं ते खरंय हो, आमच्याकडे पण बंद घरांची हीच तऱ्हा.

आता दोन शंका. आमच्याकडे पोलीस पाटील असतो, काही झालं तर आधी त्याच्याकडे जातो, तिकडे असं कोणी असतं का? आणि गणपतीत ही मंडळी महिनाभर इकडे येणार तेव्हा घराकडे कोण बघणार?

वाशिष्ठीकाठचा

काका पोलीस पाटील नाही, पण पीसीएसओ म्हणून असतात, निळ्या पट्टीच्या टोपीतले, २००२ च्या कायद्याने आणलेले. पोलिसांएवढे अधिकार नसतात, पण गावं फिरतात, लोकांना नावानिशी ओळखतात, आमच्याकडे महिन्यातून एकदा येते एक बाई. तातडीचं असेल तर ९९९, आपला ११२ पण चालतो इकडे. तातडीचं नसेल तर १०१. लेकीला अजून एक सांगून ठेवा, मोबाइलवरून ९९९ लावला आणि बोलता येत नसेल तर ५५ दाबायचं, म्हणजे कॉल पोलिसांकडे जातो.

घराकडे शेजारी बघतात. शेजाऱ्यांनी एकमेकांची घरं राखायची ही नेबरहुड वॉचची पद्धत इकडे खेड्यातच सुरू झाली, १९८२ साली चेशरमधल्या मॉलिंग्टन गावात. पाटी कुठे कुठे नुसती गंजलेली असते, पण आमच्या समोरच्या आजी आहेत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, त्यांच्या खिडकीचा पडदा हलला की समजायचं नोंद झाली. आम्ही गावी आलो की आमची किल्ली त्यांच्याकडे, त्या पत्रं उचलतात, दिवे लावतात, आम्ही येताना काजू आणतो. अलिबागकर म्हणतात ते पण खरं, हे व्हायला आम्हाला दीड वर्ष लागलं आणि बायकोने चर्चच्या जत्रेत बटाटेवडे विकले तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. इन्शुरन्सला मात्र विचारून ठेवा, बऱ्याच पॉलिसीत घर सलग तीस दिवसांवर रिकामं राहिलं की चोरीचं कव्हर राहत नाही.

घर घ्यायच्या आधी जावयाने पॅरिश कौन्सिलची, म्हणजे तिकडच्या ग्रामपंचायतीची, जुनी इतिवृत्तं वाचावीत, वेबसाइटवर असतात. गाव कसं आहे ते तिथे जास्त कळतं. आमच्याकडे दर मीटिंगला तीनच विषय, कुत्र्यांची घाण, कचऱ्याचे डबे आणि गाड्यांचा वेग. त्यातला तिसरा मात्र खरा आहे. तुम्ही ड्रायव्हर होतात म्हणून सांगतो, नाइट शिफ्टवाल्या लेकीला मी चोरापेक्षा रस्त्याची भीती घालीन. या देशात रस्त्यावर मरणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त खेड्यातल्या रस्त्यांवर मरतात. अरुंद रस्ता, दिवे नाहीत आणि वेगाची परवानगी ताशी ६० मैल.

रत्नागिरीची_माहेरवाशीण

अगदी अगदी. लिंकनशरच्या सखल भागात तर रस्ते सरळसोट, दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेले खोल चर, झोप लागली की गाडी चरात. मी नाइट संपल्यावर डोळे जड वाटले तर सरळ हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये वीस मिनिटं झोपते आणि मगच निघते. आणि पहाटेचा काळा बर्फ.

गुहागरकर_बाबा

काळा बर्फ म्हणजे काय ताई?

रत्नागिरीची_माहेरवाशीण

डांबरावर बर्फाचा अगदी पातळ थर धरतो, पारदर्शक, खालचं डांबर दिसतं म्हणून काळा. रस्ता नुसता ओला वाटतो. ब्रेक दाबला की गाडी गेलीच. ॲक्सिलरेटर हळू सोडायचा, ब्रेकला हात लावायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरायचं.

गुहागरकर_बाबा

म्हणजे कुंभार्ली घाटात पहिल्या पावसाला सांडलेल्या डिझेलवर गाडी सरकते तसंच. अठरा वर्षं काढली त्या घाटात, हे मला शिकवता येईल तिला. तिची नाइट आज नाही, रात्री फोन करतो. चोरांचं काही काढत नाही. टायर कसले आहेत ते आधी विचारतो, आणि रॉकेलच्या टाकीला कुलूप.