मदत हवी आहे: सायबर सुरक्षेतलं काम समजणारी पीआर एजन्सी

नमस्कार मंडळी,

मरोळला आमची चौदा जणांची सायबर सुरक्षा कंपनी आहे. सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या सिस्टीम तपासून त्यातल्या त्रुटी शोधून देतो. काम मनापासून करतो, पण नाव कुणाला माहीत नाही, म्हणून एक पीआर एजन्सी नेमली. तिथेच गाडं अडलंय.

त्यांच्या पहिल्याच प्रेसनोटमध्ये ठळक अक्षरांत होतं, 'शंभर टक्के हॅकप्रूफ'. मी लाल पेनाने खोडलं. आमच्या क्षेत्रात असं काही नसतंच, आणि असा दावा करणारा उद्या तोंडघशी पडतो. मग ते म्हणाले, ग्राहकांची नावं द्या. तीही देता येत नाहीत, गोपनीयतेचा करार असतो. बरं, कॉसमॉस बँकेतून २०१८ मध्ये सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्याची भीती दाखवून बातमी करायची हेही मला पटत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावी लागते. त्याच धावपळीत पत्रकाराचा फोन आला तर बोलायचं कुणी, बँकेने की आम्ही? आणि किती?

मुंबईत हे समजून काम करणारं कुणी माहीत आहे का? महिन्याच्या ठरावीक फीवर नेमावं की कामापुरतं? मराठी वर्तमानपत्रांत ओळख असेल तर फारच उत्तम, आमचे बहुतेक ग्राहक तीच वाचतात.